लुदरला खाली आणलं त्या दिवशी

जून लागला की ढेणूच्या खिंडीखाली गद्दी मेंढपाळांचे तळ पडतात. देवाच्या बोकडावर पाणी ओतायची वेळ झाली की बायका, पुरुष, कुत्रीसुद्धा गोल करून उभी राहतात. फक्त मचलू पाठ फिरवून एका दगडावर बसतो आणि बूट शिवायला घेतो. बूट धड असला तरी शिवतो. वयाने म्हणा, मानाने म्हणा, पाण्याचा लोटा खरं तर त्याच्या हातात असायला हवा. नवखी माणसं म्हणतात, म्हातारा मिजासखोर दिसतोय. मिजास कसली डोंबलाची! त्या लोट्याला पुन्हा हात लावायची त्याची छाती होत नाही, एवढंच.

आमच्याकडे खिंड चढायच्या आधी केलंग देवाची परवानगी घ्यावी लागते. बोकड उभा करायचा, त्याच्या पाठीवर पाणी ओतायचं आणि वाट बघायची. बोकडाने अंग झाडलं की देवाने वाट दिली. नाही झाडलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. वर आभाळ आरशासारखं लख्ख असलं तरी पाऊल उचलायचं नाही. यावर हसणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी एकदा सातशे मेंढरं घेऊन बर्फातून जावं आणि मग हसावं.

त्या वर्षी तळावर चौघं होती. मचलू, त्याचा थोरला भाऊ लुदर, लुदरची बायको नोखी, आणि जर्मो नावाचा जुना गडी. जर्मोला बोलायला दुसरा माणूस लागत नसे, तो मेंढ्यांशीही गप्पा मारायचा. कळप दोघा भावांचा, पण शब्द लुदरचा. लुदरला प्रत्येक मेंढी तोंडावरून ओळखू यायची आणि माणसांपैकी कुणाचंच काम पसंत पडायचं नाही. मचलू पन्नाशीला आला होता, तरी शेकोटी पेटवताना लुदर मागे उभा राहून म्हणायचा, "अशी पेटवतात होय?" पेटली की म्हणायचा, "धूर फार झाला." नोखीच्या हातची मक्याची रोटी तो आयुष्यभर खात आला होता, पण चांगली झाली असं त्याच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नाही. कच्ची राहिली तेव्हा मात्र गावभर सांगितलं.

तर हा लुदर त्या वर्षी खोकायला लागला. खालच्या गावात होता तोवर साधा खोकला होता. खिंडीच्या पायथ्याशी तळ पडला आणि त्याच्या छातीत हुक्क्यासारखं गुडगुडायला लागलं. झोपला की गुदमरायचा, म्हणून नोखी त्याला पाठीला पाठ लावून बसवून ठेवायची. परत फिरावं म्हटलं, तर मागच्या नाल्यावरचा बर्फाचा पूल ते ओलांडून आले त्याच दुपारी कोसळला होता. पुढे खिंड होती. खिंडीपलीकडे अर्ध्या दिवसाच्या उतारावर गवत होतं, गवताखाली रस्ता होता, रस्त्यावर जीप आणि जीपच्या वाटेच्या टोकाला दवाखाना.

खरं सांगायचं तर अशा छातीच्या माणसाला वर न्यायचंच नसतं. नाल्याकाठी का होईना, जमेल तेवढं खाली न्यायचं आणि तिथेच धरून बसायचं. हे मचलूला आता ठाऊक आहे, नंतर गावात आलेल्या नर्सबाईंनी सांगितलं म्हणून. तेव्हा त्याला एवढंच दिसत होतं की दवाखाना पुढे आहे आणि भाऊ मागे राहतोय.

आणि बोकड काही अंग झाडेना.

पहिल्या सकाळी लुदरने स्वतः पाणी ओतलं. बोकड शेपटी हलवून गवत हुंगत राहिला. दुसऱ्या सकाळीही तेच. जर्मो म्हणाला, "याला आंघोळ आवडते वाटतं." कुणी हसलं नाही. तळाभोवतीचं गवत मेंढरांनी मुळापर्यंत कुरतडलं होतं. त्या संध्याकाळी मचलू झऱ्यावर पाणी भरायला गेला, तेव्हा नोखी त्याच्या मागे आली.

"उद्या पाणी तू ओत," ती म्हणाली.

"भाई असताना मी?"

"त्याचा हात उचलतोय का? ओततो तेव्हा निम्मं स्वतःच्याच पायावर सांडतंय." मग तिने तळाकडे एकदा बघून घेतलं. "आणि ऐक. थोडं कानात जाऊ दे."

कानात पाणी गेलं की कुठलाही बोकड अंग झाडणारच. म्हणून तर ओतणाऱ्याने डावा हात बोकडाच्या कानांवर झाकून धरायचा असतो. सगळ्या रीतीत एवढीच एक जागा प्रामाणिकपणाची आहे.

"भाभी, देवाला फसवायचं?"

"दोन दिवस दिले ना देवाला? आणखी किती मोठा विचार करायचाय त्याला?" तिचा आवाज चढला आणि तिनेच तो दाबला. "देवाला बोकड पुष्कळ मिळतील, मचलू. मला नवरा एकच आहे."

तिसऱ्या सकाळी उजाडायच्या आधी मचलूने लोटा घेतला. लुदर घोंगडी पांघरून दगडाला टेकून बसला होता. मचलूने डावा हात बोकडाच्या कानांवर ठेवला, पाणी सोडलं आणि हात बोटभर सरकू दिला. बोकडाने नाकापासून शेपटीपर्यंत असं अंग झाडलं की जर्मोच्या तोंडावर पाणी उडालं.

"हलला!" जर्मो ओरडला.

लुदर बोकडाकडे बघत नव्हता. तो मचलूच्या डाव्या हाताकडे बघत होता. बराच वेळ बघून तो म्हणाला, "हलला ना? मग चला."

बोकड कापून देवाला दिला आणि ते निघाले.

पहाटेचं बर्फ कडक असतं, तेवढ्यातच चढून घ्यावं लागतं. पुढे मचलू कुऱ्हाडीने पायऱ्या तोडत होता, त्याच्यामागे शेळ्या, शेळ्यांमागे मेंढ्यांची लांब रांग. नोखीने अंगरख्यात, कमरेच्या दोराच्या वर, नुकतीच जन्मलेली तीन कोकरं खोचली होती, त्यांची तोंडं तिच्या गळ्यापाशी बाहेर आली होती. तो लोकरीचा दोर आमच्याकडे बायका-पुरुष सगळेच कमरेला गुंडाळतात. सोडला तर घराएवढ्या कड्यावरून माणूस खाली सोडता येईल एवढा लांब. लुदर सर्वांत मागे होता. चार पावलं चालायचा, काठीवर हनुवटी टेकून उभा राहायचा, पुन्हा चार पावलं.

पहिल्या वळणावर मचलू त्याच्यासाठी थांबला.

"आज देव लवकर उठला म्हणायचं," लुदर धापा टाकत म्हणाला.

मचलू कुऱ्हाडीच्या पात्यावरचं बर्फ झटकू लागला.

"कान कोरायला उठला असेल," लुदर म्हणाला आणि हसायला गेला, ते हसू खोकल्यात बुडालं. खोकला थांबला तेव्हा बर्फावर गुलाबी थुंकी पडलेली होती. लुदरने ती बुटाने पुसली.

"भाई, परत फिरू."

"कुठे? देवाने वाट दिलीय ना?" त्याच्या आवाजात राग होता की थट्टा, मचलूला कळलं नाही. त्याला आजही कळलेलं नाही. तो प्रश्न रात्री-अपरात्री त्याच्या डोक्यात येतो आणि तसाच परत जातो.

ऊन वर आलं तसं बर्फ मऊ पडलं. मेंढ्यांचे पाय पोटापर्यंत रुतायला लागले. खिंडीच्या तोंडाशी लाल झेंडे दिसायला लागले, तेव्हाच पलीकडून ढग चढून आला. ढेणूचा ढग वाजतगाजत येत नाही. आधी समोरचा दगड जातो, मग पुढची शेळी जाते, मग स्वतःचे बूट. झेंड्यांपाशी पोचेपर्यंत आडवं बर्फ सुरू झालं. माथ्यावर देवाला हात जोडायचे असतात. मचलूने हात जोडले, पण तोंडातून शब्द फुटेना. ज्याला सकाळी फसवलं त्याच्याकडे दुपारी काय मागणार? हे वादळ माझ्यासाठीच आलंय, अशी त्याची खात्रीच पटली होती.

मागे लुदर खाली बसला होता. बसला म्हणजे गुडघे मुडपून जागच्या जागी खचला होता आणि त्याचे ओठ निळे पडले होते.

आता काय ते एका क्षणात ठरवायला हवं होतं. पलीकडचा उतार वाईट. त्यात मधोमध मोठी भेग, तिच्यावर बर्फाची साय. कळपाला तिच्या कडेने न्यायला दोन जाणती माणसं लागतात. मेंढरं थांबली तर एकमेकांना चिकटून उभ्या उभ्या मरतात. आणि कळप म्हणजे दोन्ही घरांची सगळी चूल होती.

"जर्मो, तू कळप घेऊन पुढे हो," मचलू म्हणाला.

"एकटा? डोकं फिरलं का मचलूभाई? भेगेपाशी कोण उभं राहणार?"

"कुत्रं उभं कर."

"आणि निम्मी मेंढरं त्यात गेली तर?"

"गेली तर गेली! भाई जातोय इथे, दिसत नाही तुला?"

जर्मो पहिल्यांदाच काही न बोलता निघाला. त्याची शीळ थोडा वेळ ऐकू आली, मग वाऱ्यात विरली.

मचलूने कमरेचा दोर सोडला. लुदरला पाठीवर घेतलं, दोराने काखेतून, मांडीखालून, छातीवरून आवळून बांधलं आणि गाठ स्वतःच्या छातीवर मारली. लुदर नको नको म्हणत होता.

"मेंढी आहे का मी?"

"मेंढी हलकी असते," नोखी म्हणाली. "मुकाट्याने बस."

लुदरच्या एका पायातला बूट सारखा निसटत होता, म्हणून नोखी मागे चालताना तो पाय हातात धरून राहिली. एका हातात नवऱ्याचा पाय, दुसऱ्या हातात काठी, गळ्याशी तीन कोकरं. असे ते तिघं उतरायला लागले.

सुरुवातीला बराच वेळ लुदर मचलूच्या कानात बोलत होता. बोलत कसला, दोष काढत होता. पाय असा टाक. काठी आडवी धर. घाई कसली आहे, जेवायला बोलावलंय का कुणी? त्याचा श्वास मचलूच्या मानेवर ओला, गरम लागत होता आणि दर श्वासाबरोबर आतलं पाणी गुडगुडत होतं. मचलूला जन्मभर ज्या बोलण्याचा वैताग आला, तेच आता तो कान देऊन ऐकत होता. थांबलं की मुद्दाम पाय चुकीचा टाकायचा, म्हणजे लुदर पुन्हा बोलेल.

भेगेपाशी आले तेव्हा काहीच दिसत नव्हतं. सगळं पांढरं. उजवीकडे मेंढ्यांच्या पावलांसारखं काहीतरी दिसलं म्हणून मचलू तिकडे वळला.

"डावीकडून," लुदर म्हणाला. "उजवीकडे पोकळ आहे."

मचलूने काठी खुपसली. काठी मुठीपर्यंत आत गेली आणि खालून थंड हवा वर आली. तो मागे सरला, डावीकडून एकेक पाऊल चाचपत गेला. भेग मागे पडली तेव्हा त्याला हसूच आलं.

"भाई, तुला इथून कसं दिसलं?"

लुदर काही बोलला नाही.

मचलूने मुद्दाम पाय वाकडा टाकला. तरी काही नाही. थोडं पुढे गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की मानेवरचा ओलावा गार झाला आहे. नुसता गार नाही, गोठतो आहे. पाठीवरचं ओझंही बदललं होतं. आतापर्यंत ते प्रत्येक पावलाला त्याच्याबरोबर झुकत होतं, आता नुसतं लोंबत होतं. आयुष्यभर खांद्यावर मेंढरं वाहिलेल्या माणसाला हा फरक सांगावा लागत नाही.

त्याला ओरडावंसं वाटलं. तिथेच बसून, भावाला मांडीवर घेऊन रडावंसं वाटलं. पण मागे नोखी होती. ती बसली की उठणार नाही, हे त्याला कळत होतं. या बर्फात जो बसला तो तिथलाच झाला. गवत अजून दूर होतं. त्याने दात आवळले आणि चालत राहिला.

"काय म्हणतोय?" मागून नोखीने विचारलं. "आवाज येत नाही."

मचलूने छातीवरचा दोर आवळला. "म्हणतोय, नोखीला सांग, सांभाळून चाल. गुडघा दुखावेल."

मागे काठी बर्फात खुपसल्याचा आवाज आला.

"गुडघ्याची काळजी आता आली होय?" नोखी म्हणाली. "त्याला म्हणावं, तुझ्यासारखी पाठीवर बसून नाही निघाले मी."

"म्हणतोय, जीभ मात्र अजून थकली नाही."

"जिभेवरच तर संसार ओढला त्याचा. आणखी काय म्हणतोय?"

मचलू थांबला की ती विचारायची. पाय घसरला, गुडघ्यावर आला, श्वास पुरेना झाला, की मागून हाक यायची, "काय म्हणतोय रे?" आणि मचलूला उठून काहीतरी सांगावं लागायचं. म्हणतोय, खाली गेल्यावर तुझ्या हातची रोटी खायची आहे. म्हणतोय, तुझ्यासारखी रोटी गावात कुणाला जमत नाही. म्हणतोय, त्या वर्षी कर्णफुलं मागत होतीस, ती घ्यायला हवी होती. आयुष्यात कधी खोटं न रचलेला माणूस बर्फात पाय ओढत एकामागून एक खोटं रचत होता. लुदरच्या तोंडी न शोभणारी वाक्यं त्याच्या तोंडी घालत होता, कारण खरा लुदर काय बोलला असता ते त्याला आठवेनाच.

"एवढं गोड बोलतोय म्हणजे ताप डोक्यात गेलाय त्याच्या," नोखी म्हणाली. तिचा आवाज वाऱ्याने कापत होता. "पुढे चाल तू. त्याला बोलू दे."

ढग वर राहिला आणि खाली गवत दिसलं. भूर्जाच्या झाडाखाली जर्मोने शेकोटी केली होती. मेंढरं आजूबाजूला पसरून चरत होती. किती आली, किती वर राहिली, ते मोजायच्या भानगडीत जर्मो अजून पडला नव्हता. तो धावत समोर आला.

"आणलंस लुदरभाईला! शाबास रे! बसव इथे, शेकोटीपाशी. चहा ठेवलाय."

मचलू उभाच राहिला. "राहू दे. झोपलाय."

"अरे, मग आडवं कर ना त्याला."

"झोपू दे म्हटलं ना!" मचलू खेकसला. छातीवरच्या गाठीवर त्याचे दोन्ही हात घट्ट होते. गाठ सुटेपर्यंत नोखीचा नवरा जिवंत होता. ती आपल्या हाताने सोडायची त्याची हिंमत होईना.

नोखीने अंगरख्यातून एकेक कोकरू काढलं आणि जर्मोच्या हातात दिलं. ती त्यांच्या आयांना लावायला त्याला पाठवलं. मग ती मचलूसमोर येऊन उभी राहिली.

"गाठ सोड."

"भाभी, जरा वेळ..."

"माथ्यापासून पाय हातात धरून आलेय मी त्याचा," ती म्हणाली. "जिवंत माणसाचा पाय मला कळत नाही का?"

मचलूचे हात खाली आले. तो पाठीवरच्या भावासकट गवतात बसला.

"मग सारखी विचारत का होतीस, काय म्हणतोय, काय म्हणतोय?"

"नसतं विचारलं तर तू तिथेच बसला असतास. मग दोघांना कुठे उचलू मी?"

ती त्याच्या पुढ्यात बसली. गाठ ओली होऊन गोठली होती, नखांनी निघेना, तेव्हा तिने दातांनी सोडवली. दोघांनी मिळून लुदरला आडवं केलं. नोखीने त्याचा निसटता बूट नीट चढवला, नाडी बांधली आणि त्याच्या दाढीतलं बर्फ बोटांनी काढत बसली. बरंच काढून झालं तरी तिची बोटं थांबेनात. दुपारपासून कोरडे राहिलेले तिचे डोळे आता वाहायला लागले.

"इतकं चांगलं तो मला जन्मात बोलला नव्हता," ती म्हणाली. मग मचलूकडे न बघता, हलक्या आवाजात म्हणाली, "आणखी काय म्हणत होता, सांग."

मचलूने नाक पुसलं आणि तो सांगत बसला.